घर घेताना बोलणी थेट मालकाशी की एजंटमार्फत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर एजंटने दाखवलं, पसंत पडलं. दुसऱ्यांदा बघायला गेल्यावर मालकाने बाजूला घेऊन स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाला, "आपण थेट बोलू, मधली दलाली वाचेल." आता थेट बोलावं का? आणि सांगितलेल्या किमतीपेक्षा किती टक्के कमी बोलून सुरुवात करावी?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. एजंटला डावलू नका. मालकाशी जरूर बोला, पण एजंटच्या माहितीत. आणि "किती टक्के कमी" हा प्रश्नच सोडून द्या, कारण आकडा तिथून काढायचा नसतो.

घर घेणाऱ्यांच्या बाजूने बोलणी करणं हा माझा व्यवसाय आहे. थेट की एजंट यावर लोक जितका काथ्याकूट करतात तितका तो मुद्दा मोठा नाही. तुमच्याबद्दल समोरच्याला काय काय कळलंय आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काय कळलंय, यावर भाव ठरतो. एजंट असो वा नसो, हिशोब हाच धरायचा. तो चुकला तर थेट बोलूनही महाग पडतं.

आधी त्या दलालीचं बघू. "दलाली वाचेल" असं मालक म्हणतो तेव्हा ती कोणाची वाचेल हे तो बोलत नाही. त्याच्या मनात ती त्याच्या खिशात पडलेली असते, तुमच्या मनात तुमच्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे. तिथे मालकांनी एजंटशिवाय, स्वतः जाहिरात करून विकलेली घरं आणि एजंटमार्फत विकलेली घरं यांची तुलना हेंडेल, नेव्हो आणि ओर्टालो-मान्ये या अर्थशास्त्रज्ञांनी केली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. दलाली वजा करण्याआधीचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. म्हणजे वाचलेली दलाली विकणाऱ्याकडेच राहिली, घेणाऱ्याला घर काही स्वस्त मिळालं नाही. एक शहर म्हणजे सगळं जग नव्हे, पण माझा अनुभवही याच बाजूचा आहे. तेव्हा मालकाला साधं विचारा: "दलाली वाचते, तर त्यातले किती भावातून कमी करता?" उत्तर आकड्यात आलं नाही तर तिथे तुमच्यासाठी काही ठेवलेलं नाही, असं समजा.

दुसरी अडचण कायद्याची. बहुतेक ठिकाणी मालकाने एजंटशी केलेल्या करारात हे लिहिलेलं असतं की एजंटने आणलेल्या गिऱ्हाइकाशी व्यवहार झाला, तर तो कुठेही बसून झालेला असो, दलाली द्यावी लागेल. करार नसला तरी दोन्ही बाजूंना एकत्र कोणी आणलं हे अनेक देशांतली न्यायालयं बघतात. आणि हे भांडण नेमकं कागदपत्रं व्हायच्या वेळी उभं राहतं, तेव्हा तुमचे पैसे अडकलेले असतात. शिवाय जो माणूस स्वतःच्या एजंटला दिलेला शब्द इतक्या सहज फिरवतो, तो तुम्हाला दिलेला शब्द किती पाळेल, याचा अंदाज तुमचा तुम्ही घ्या.

आता एजंटकडे वळू. तो वाईट किंवा चांगला ठरवण्यापेक्षा त्याचं गणित मांडून बघा. समजा, घराची किंमत १०० आणि दलाली २ टक्के. तुम्ही ९५ला घासून आणलं तर तुमचे ५ वाचले. एजंटची दलाली २ची १.९ झाली, म्हणजे त्याचं गेलं ०.१. पण व्यवहार फिसकटला तर त्याचे पूर्ण २ गेले. त्यामुळे त्याला तुमच्या ५ची फार काळजी नसते, आणि मालकाच्या ५चीही नसते. त्याला व्यवहार हवा असतो, आणि तो लवकर हवा असतो. लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोघांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रीचे व्यवहार तपासले (२००८). एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सरासरी ३.७ टक्के जास्त भावाने विकतात आणि त्यासाठी ९.५ दिवस जास्त थांबतात, असं त्यांना आढळलं. स्वतःच्या घरासाठी थांबायची तयारी, दुसऱ्याच्या घरासाठी घाई.

हे वाचून बहुतेक जण म्हणतात, मग एजंट नकोच. मी उलट म्हणतो. त्याची घाई ओळखली की ती तुमच्या कामी येते. तुम्हाला वर ढकलायचा प्रयत्न तो करतोच, पण तुम्ही ठाम राहिलात तर तोच माणूस मालकाला खाली आणायला जातो, कारण त्याला दोघांमधली फट बुजवायची असते आणि फट कोणत्या बाजूने बुजली याने त्याला फारसा फरक पडत नाही. त्याला फक्त मालकाकडे घेऊन जायला दारूगोळा द्या: शेजारच्या तशाच घराचा नोंदलेला भाव, दुरुस्तीच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तुमच्या कर्जाची मंजुरी, पैसे किती तारखेला देऊ शकता त्याचं वेळापत्रक.

काय देऊ नका, तर तुमची कमाल मर्यादा. एजंटचा पहिला प्रश्न असतो, "तुमचं बजेट किती?" घरं दाखवायला त्याला काहीतरी आकडा लागतो हे खरं, पण तुम्ही खऱ्या मर्यादेपेक्षा खालचाच पट्टा सांगा आणि पुढे कुठल्याही गप्पांत तो वाढवू नका. "आवडलं तर थोडं वर जाऊ शकतो" हे वाक्य म्हणजे लेखी ऑफरच. विकणाऱ्याच्या एजंटने ते मालकाला सांगितलं तर त्याने त्याचं कामच केलं. राग धरायचं कारण नाही. आणि फक्त बजेटच नाही. भाड्याच्या घराची मुदत कधी संपते, मुलांची शाळा कधी सुरू होते, जुनं घर विकून झालंय, इथून ऑफिस किती जवळ पडेल याचा आनंद, हे सगळं घर बघता बघता बोललं जातं आणि सगळं भावात जाऊन बसतं. दोघं जण घर बघायला जाणार असाल तर ज्याला घर जास्त आवडलंय त्याने तिथे तोंड उघडू नये. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या: हा एजंट कोणाचा? विकणाऱ्याचा, तुमचा, की दोघांचा? दोघांकडून पैसे घेणारा एजंट दोघांसाठी भांडू शकत नाही. तो फक्त जुळवून देऊ शकतो. ते चालतं, पण मग सल्ला त्याच्याकडे मागू नका. सल्ल्यासाठी वकील किंवा भावाच्या टक्क्यावर नव्हे, ठरावीक फीवर काम करणारा माणूस वेगळा धरा. अमेरिकेत कित्येक वर्षं विकणाराच दोन्ही बाजूंच्या एजंटांची दलाली भरायचा, म्हणजे घेणाऱ्याच्या माणसाचे पैसेही समोरूनच यायचे. एका मोठ्या दाव्याच्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४पासून तिथले नियम बदलले: आता घर बघायला जाण्याआधी घेणाऱ्याने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा आणि त्यात त्याचे पैसे किती ते लिहायचं. तुमच्या देशात तसा नियम असो वा नसो, कागद तुम्ही स्वतःहून मागू शकता.

आता आकडा. "दहा टक्के कमी सांगून बघू" यात गोम अशी आहे की तुम्ही मालकाचाच आकडा पाया म्हणून धरलात. त्याने मुळात पंधरा टक्के चढवून सांगितलं असेल तर दहा टक्के सोडवूनही तुम्ही वरच आहात. आणि त्याने वाजवीच भाव सांगितला असेल तर तुम्ही त्याचा अपमान करून मोकळे. सांगितलेल्या किमतीची ओढ फार जबर असते. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये एक प्रयोग केला (१९८७). विद्यार्थी आणि व्यावसायिक एजंट, दोघांना खरं घर दाखवलं, सोबत घराच्या माहितीचे कागद दिले. फक्त सांगितलेली किंमत वेगवेगळ्या जणांना वेगवेगळी दिली. ज्यांना जास्त किंमत दिली त्यांनी घराचं मोल जास्त ठरवलं, ज्यांना कमी दिली त्यांनी कमी. यात एजंटही सुटले नाहीत. गंमत म्हणजे बहुतेक एजंटांनी ठासून सांगितलं की सांगितलेल्या किमतीचा आम्ही विचारच केला नाही.

म्हणून आपला आकडा स्वतंत्र काढायचा. त्याच भागातली, त्याच वयाची, साधारण तेवढ्याच आकाराची घरं अलीकडे प्रत्यक्ष किती किमतीला नोंदली गेली ते शोधा. जाहिरातीतले भाव धरू नका. जाहिरातीत मालकाची इच्छा असते, नोंदणीत झालेला व्यवहार असतो. तीन-चार व्यवहार मिळाले तरी पुरतात. त्यात या घराचं अधिक-उणं करा: मजला, उजेड, पार्किंग, दुरुस्ती. त्यातून येतो तो तुमचा वाजवी भाव. मग तीन आकडे कागदावर लिहा: पहिली बोली, जिथे समाधान मानाल तो भाव, आणि ज्याच्या पलीकडे उठून जाल तो भाव. तिसरा आकडा बोलणी सुरू व्हायच्या आधी लिहायचा, कारण बोलणी रंगात आल्यावर तो आपोआप वाढत जातो. तो खरा असायला हाती दुसरं एक बरं घर बघून ठेवलेलं असावं लागतं. दुसरं घरच नसेल तर तिसरा आकडा नुसता कागदावरच राहतो.

पहिली बोली वाजवी भावाच्या खाली, पण कारण देता येईल इतकीच खाली. "९० देतो" यापेक्षा "तशी दोन घरं ९४ आणि ९५ला गेली, इथे छताची गळती आणि वायरिंग यांचा खर्च साडेतीन आहे, म्हणून ९१" याला उत्तर देणं समोरच्याला जड जातं. त्याला आकड्याशी नाही, कारणाशी वाद घालावा लागतो. त्यानंतर वाढायचं ते आखडत्या हाताने: ९१, मग ९३, मग ९३.८. पावलं लहान होत गेली की समोरच्याला न सांगता कळतं की आता तळ जवळ आला. समान पावलं टाकलीत, ९१, ९३, ९५, तर तो पुढच्या ९७ची वाट बघत बसतो. आणि स्वतःच्याच बोलीवर बोली चढवू नका. मालकाने उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही आकडा वाढवलात तर त्याला गप्प बसण्याचे पैसे मिळाले. "बरं, मधलं धरू" हेही ऐकायला न्याय्य वाटतं, पण मधला आकडा कुठे येणार हे दोघांच्या पहिल्या आकड्यांवर ठरतं. त्याने अव्वाच्या सव्वा सांगून सुरुवात केली असेल तर मध्य त्याच्याकडे सरकलेला असतो.

थेट बोलण्याची खरी कमाई भावात नसते, माहितीत असते. एजंट तुम्हाला "मालक परदेशी चाललेत" एवढंच सांगतो. मालक स्वतः बोलायला लागला की नवं घर घेतलंय, त्याचा शेवटचा हप्ता अमुक महिन्यात भरायचाय, हे सगळं ओघात येतं. तेव्हा भेटीत बोला कमी आणि विचारा जास्त. घर कधी घेतलंत? केव्हापासून विकायला काढलंय? आधी कोणाशी ठरत आलं होतं का, ते का मोडलं? पुढे कुठे राहायला जाताय? मालकी कोणाकोणाच्या नावावर आहे आणि सह्या कोण करणार? घरावर कर्ज आहे का? शेवटचे दोन प्रश्न अवघड वाटतात, पण भावंडांपैकी एकाची संमती नसेल तर ९५ला ठरलेलं घर शून्याला ठरल्यासारखं आहे. प्रश्न विचारला की थांबा. लोक शांतता भरून काढायला स्वतःच दोन वाक्यं जास्त बोलतात, आणि कामाचं बहुधा त्या दोन वाक्यांत असतं.

"कधी घेतलंत" हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. बॉस्टनमधल्या फ्लॅटच्या नव्वदच्या दशकातल्या विक्रीचा अभ्यास जेनसोव्ह आणि मेयर यांनी केला (२००१). बाजार पडलेला असताना ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार होतं, त्यांनी त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के रक्कम मागणीत चढवून लावली आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहिली. बाजाराला त्यांच्या खरेदीच्या किमतीशी काही देणंघेणं नसतं, पण त्यांना असतं. असा मालक समोर असेल तर तुमचे नोंदणीचे आकडे कितीही बिनचूक असले तरी त्याच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट तुम्ही त्याच्या जखमेवर मीठ चोळताय असं त्याला वाटतं. इथे मी थेट बोलणं बंद करून एजंटला पुढे करतो. कटू सत्य तिऱ्हाइताने सांगितलं की कमी झोंबतं. तरीही तो हलला नाही तर घर सोडून द्या. याउलट ज्याने फार पूर्वी स्वस्तात घेतलंय, त्याच्याकडे सोडायला जागा असते. त्याला शेवटच्या रुपयापेक्षा कटकट नको असते, आणि अशा माणसाशी समोरासमोर बोलणंच उत्तम. आयुष्य त्या घरात गेलेलं असेल तर त्याला घराचं कौतुक ऐकायला आवडतं. ते मनापासून करा. घराला नावं ठेवून भाव पडतो हा गैरसमज आहे; दोष सांगायचे ते दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाच्या रूपात, शेऱ्यांच्या रूपात नाही.

भाव एका जागी अडला की भावावरच डोकं आपटत बसू नका. ताबा कधी, विसार किती, बाकीचे पैसे किती टप्प्यांत, घरातल्या कोणत्या वस्तू राहणार, दुरुस्ती कोण करणार, थकलेली देणी कोण भरणार, हे सगळं देवाणघेवाणीचं सामान आहे. मालकाचं नवं घर तयार व्हायला तीन महिने असतील आणि तुम्ही थांबू शकत असाल, तर त्या तीन महिन्यांची त्याच्या लेखी मोठी किंमत आहे आणि तुम्हाला फारसा खर्च नाही. पण ते फुकट देऊन टाकू नका. प्रत्येक सवलतीला "जर" जोडा: "ताबा जूनमध्ये घेतो, जर भाव ९४ होत असेल तर." अशा गोष्टी थेट बोलण्यात पाच मिनिटांत निघतात, एजंटमार्फत निरोप जाता-येता त्यांतल्या अर्ध्या गळून जातात.

"दुसरी पार्टी तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत सांगा." हे वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं, आणि फोनवरून ते ओळखता येत नाही. ओळखायची गरजही नाही. तुमचा तिसरा आकडा लिहिलेला आहे. दुसरी पार्टी आल्याने घर जास्त मोलाचं झालेलं नाही. मी शांतपणे सांगतो, "आमची ऑफर लेखी आहे, अमुक तारखेपर्यंत उघडी आहे. त्यांचं जमलं तर आनंद आहे, नाही जमलं तर कळवा." बोली लावणारे अनेक असतात तेव्हा घर बहुधा त्याच्याकडे जातं ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला आहे. तो मान दुसऱ्याला मिळू द्या.

"ठरलं" म्हटल्यावर ते लगेच कागदावर आणा. जमिनीचा व्यवहार लेखी हवा हा इंग्लंडमधला नियम १६७७च्या कायद्याइतका जुना आहे, तरी आजही तिथे आणि वेल्समध्ये भाव ठरल्यावर कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. त्या मधल्या काळात जास्त भाव देणारा दुसरा कोणी आला तर मालक सरळ फिरतो. तोंडी ठरणं आणि सही होणं यांतलं अंतर जितकं कमी, तितकं बरं. विसार देण्याआधी कागदावर इतकं तरी हवं: कर्ज मंजूर झालं नाही, मालकीत खोट निघाली, तपासणीत मोठा दोष निघाला, तर विसार परत. रक्कम एजंटच्या हातात नको. वकिलाच्या किंवा तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवा आणि पावती घ्या.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. उद्या एजंटला फोन करून सांगा की मालकांनी नंबर दिलाय, ताबा आणि कागदपत्रांबद्दल त्यांच्याशी बोलणार आहोत, तुमची दलाली ठरल्याप्रमाणे आहेच. तो खूश होईल आणि तुमच्यासाठी जास्त पळेल. मग मालकाला भेटा, वरचे प्रश्न विचारा, भावाचा विषय निघाला तर "घरी बोलून कळवतो" म्हणून उठा. घरी आलात की उत्तरं लिहून काढा, नोंदलेले भाव शेजारी मांडा, तीन आकडे ठरवा. पहिली ऑफर एजंटच्या हातून, लेखी, कारणांसकट आणि मुदत घालून पाठवा. शेवटी एक-दोन टक्क्यांवर अडलं, आणि मालक फार पूर्वी घेतलेल्यांपैकी असेल, तर ती शेवटची बैठक एजंटला सोबत ठेवून समोरासमोर करा. तिथे दलालीचा विषयही काढता येतो: फरक थोडाच उरलेला असतो, तेव्हा एजंट स्वतःच्या दलालीतला काही हिस्सा सोडून तो भरून काढायला पुष्कळदा तयार होतो.